सात, बेचाळीस आणि अठरा सह्यांचं गाव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी ऑक्टोबरमध्ये पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करायला जर्मनीत ग्योटिंगनला निघालीय. जो तो थोर गणितींची नावं घेत "गाऊसचं गाव, हिल्बर्टचं गाव" म्हणतो, पण नकाशात बघावं तर गाव एवढंसं. एवढ्याशा गावात हे सगळं झालं कसं, त्यातलं आज काय उरलंय आणि तिथे राहायला कसं वाटतं?

मी पुण्याहून संस्कृत व्याकरणात पीएच.डी. करायला इथे आले त्याला सव्वीस वर्षं झाली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात रोजचं काम, आणि गेली पंधराएक वर्षं भारतातून आलेल्या नव्या मुलामुलींना गाव दाखवायला नेते. तुमच्यासारखा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं, बहुतेक वेळा आईवडीलच. म्हणून या वेळी सवडीने लिहिते.

हे गाव लाइने नावाच्या छोट्या नदीकाठी आहे. वस्ती सव्वा लाखाच्या आतबाहेर, त्यात वीस हजारांहून अधिक विद्यार्थी. मोठा कारखाना नाही, राजवाडा नाही, बंदर नाही. रेल्वे मात्र चांगली आहे. जलद गाडीने हानोव्हर पाऊण तासाच्या आत आणि फ्रांकफुर्ट दोन तासांच्या आत. स्टेशनातून बाहेर पडलं की पहिल्यांदा दिसतात त्या सायकली, हजारोंनी, एकमेकींत अडकलेल्या. त्या ओलांडून दहा मिनिटं चाललं की तुमची मुलगी गावाच्या मध्यावर पोचेल.

गावाचं नाव कागदावर पहिल्यांदा येतं ते ९५३ साली, 'गुटिंगी' म्हणून. पुढे इथे लोकर आणि कापडाचा व्यापार वाढला, १३५१ ते १५७२ गाव हान्झा या व्यापारी संघात होतं. मग तीस वर्षांचं युद्ध झालं. १६२६ मध्ये कॅथलिक सेनापती टिलीच्या सैन्याने गाव घेतलं, आणि त्यानंतरची शंभर वर्षं पडझडीचीच. म्हणजे विद्यापीठ आलं तेव्हा ग्योटिंगन एक थकलेलं, काही हजार वस्तीचं गाव होतं. हे लक्षात ठेवा. हायडेलबर्गसारखी इथे विद्येची शतकांची परंपरा नव्हती. जे झालं ते ठरवून केलं म्हणून झालं.

ठरवणारा माणूस म्हणजे हानोव्हरचा मंत्री गेर्लाख आडोल्फ फॉन म्युन्शहाउझेन. त्याचा राजा दुसरा जॉर्ज हा एकाच वेळी इंग्लंडचा राजा आणि हानोव्हरचा अधिपती. शेजारच्या प्रशियाकडे हाले इथे नामांकित विद्यापीठ होतं, हानोव्हरकडे स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. १७३४ मध्ये वर्ग सुरू झाले आणि १७३७ मध्ये थाटात उद्घाटन झालं. राजाच्या नावावरून त्याला आजही गेओर्ग-आउगुस्ट विद्यापीठ म्हणतात.

म्युन्शहाउझेनने केलेल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक, धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांना इतर विषयांच्या पुस्तकांवर सेन्सॉरचा अधिकार दिला नाही. तोवर जर्मन विद्यापीठांत धर्मशास्त्राची विद्याशाखा सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली असे. इथे ती नुसती चारांपैकी एक झाली. कायदा शिकवणारा, इतिहास लिहिणारा, प्रेतं फाडून शरीर शिकवणारा, सगळे आपापल्या विषयात मोकळे. आल्ब्रेख्त फॉन हालर १७३६ मध्ये वैद्यक शिकवायला आले आणि त्यांनी वनस्पती उद्यान उभं केलं. ते उद्यान आजही गावाच्या जुन्या तटाला लागून आहे, बिनतिकीट. परीक्षेच्या दिवसांत मुलं तिथे बाकांवर वाचत बसलेली असतात.

दुसरी गोष्ट ग्रंथालय. त्या काळातली ग्रंथालयं म्हणजे राजेरजवाड्यांचे दागिन्यांचे डबे होते. इथे पहिल्यापासून धोरण असं की पुस्तकं वापरायला घ्यायची, सगळ्या विषयांची, सगळ्या देशांची, दर वर्षी नेमाने, आणि विद्यार्थ्यांनाही घरी न्यायला द्यायची. क्रिस्टियान गोटलोब हायने यांनी १७६३ ते १८१२ अशी जवळजवळ पन्नास वर्षं ते सांभाळलं आणि साठ हजारांचे दोन लाख ग्रंथ केले. डोमिनिकन साधूंचा जुना मठ आणि त्याचं पाउलिनर चर्च हे त्याचं घर. चौदाव्या शतकातली उंच गॉथिक कमान आणि तिच्याखाली पुस्तकं. मला अजूनही त्या दालनात शिरताना आवाज खाली येतो. १७३९ पासून इथून निघणारं ग्रंथपरीक्षणाचं नियतकालिक आजही चालू आहे. म्हणजे पुस्तक यायचं, कुणीतरी ते लगेच वाचायचं आणि बरंवाईट छापून टाकायचं. एवढ्याशा गावात जगभराची विद्या पोचायची ती अशी.

इथे आपला एक धागा येतो, आणि तो मला फार जवळचा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ ते १८८१ संस्कृत शिकवणारे फ्रान्झ कीलहॉर्न पुढच्याच वर्षी ग्योटिंगनला प्राध्यापक म्हणून आले आणि १९०८ मध्ये इथेच वारले. त्यांच्या आधी त्या जागेवर थेओडोर बेन्फाय होते, पंचतंत्राचा जर्मन अनुवाद करणारे. पुण्याला असताना कीलहॉर्न अनंतशास्त्री पेंढरकरांसारख्या शास्त्र्यांपाशी बसून व्याकरण शिकले. युरोपात तोवर पाणिनीकडे पाहायचे ते नुसतं पोथ्यांतून. पोथीबरोबर जी तोंडी परंपरा चालत येते ती कीलहॉर्नना पुण्यात मिळाली, आणि म्हणूनच त्यांनी तीन खंडांत संपादलेलं पतंजलीचं महाभाष्य, पाणिनीच्या व्याकरणावरचं मोठं भाष्य, एवढं भक्कम निघालं. आज जगात कुठेही, तोक्योत असो की तिरुपतीत, महाभाष्यातलं वाक्य दाखवायचं तर कीलहॉर्नच्या आवृत्तीचा खंड, पान आणि ओळ सांगतात. त्याच आवृत्तीची पुढे काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनी पुण्यात, भांडारकर संस्थेत, पुन्हा तपासून नवी आवृत्ती काढली. पुण्याहून ग्योटिंगन, ग्योटिंगनहून पुन्हा पुणे. कीलहॉर्न गेल्यावर डेक्कन कॉलेजातल्या त्यांच्या जागी रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले, आणि १८८५ मध्ये ग्योटिंगन विद्यापीठाने भांडारकरांना सन्मान्य पीएच.डी. दिली. मी पहिल्या वर्षी वाचनालयात महाभाष्याचा पहिला खंड मागवला. मुखपृष्ठ उलटलं तर प्रकाशनस्थळ मुंबई. घरापासून इतक्या लांब येऊन हातात आपल्याकडचंच पुस्तक पडावं, याने मला त्या दिवशी फार धीर आला होता.

आता गावाच्या स्वभावाकडे येते. गाव कसं हे मला विचाराल तर मी तीन कागद सांगते. तिन्हींवर सह्या आहेत.

पहिला १८३७ चा. त्या वर्षी व्हिक्टोरिया इंग्लंडच्या गादीवर बसली, पण हानोव्हरच्या कायद्यात बाईला गादी मिळत नसे. म्हणून तिचा काका एर्न्स्ट आउगुस्ट तिथला राजा झाला. आल्या आल्या त्याने १८३३ ची राज्यघटना रद्द केली. सप्टेंबरात विद्यापीठाची शताब्दी वाजतगाजत झाली होती, आणि १८ नोव्हेंबरला सात प्राध्यापकांनी लिहून दिलं की आम्ही या घटनेची शपथ घेतलीय, राजाने ती मोडली म्हणून आमची शपथ मोडत नाही. डालमान, गेर्विनुस, आल्ब्रेख्त, एवाल्ड, वेबर आणि ग्रिम बंधू. होय, लोककथा गोळा करणारे तेच याकोप आणि विल्हेल्म ग्रिम. ते इथे ग्रंथपाल आणि प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांनी त्या पत्राच्या प्रती हाताने उतरवून घेतल्या आणि बघता बघता ते जर्मनीभर पोचलं. डिसेंबरात सातही जणांना काढून टाकलं. डालमान, गेर्विनुस आणि याकोप ग्रिम यांना तर तीन दिवसांत राज्य सोडायचा हुकूम झाला.

बाकीच्यांनी सही केली नाही. त्यात गाऊसही होते. एवाल्ड त्यांचे जावई आणि वेबर त्यांचे जिवलग सहकारी, तरी गाऊस गप्प राहिले. गाऊसची थोरवी मी तिळभरही कमी मानत नाही. १८०७ पासून १८५५ मध्ये मरेपर्यंत ते इथल्या वेधशाळेचे प्रमुख होते. १८३३ मध्ये त्यांनी आणि वेबर यांनी गावाच्या छपरांवरून, योहानिस चर्चच्या मनोऱ्यांवरून तार ओढून वेधशाळा आणि पदार्थविज्ञानाचं दालन जोडलं आणि विजेच्या तारेतून निरोप पाठवले. युरो येण्याआधी जर्मनीच्या दहा मार्कांच्या नोटेवर त्यांचा चेहरा होता आणि मागे ग्योटिंगनच्या इमारती. पण मी गाव दाखवते तेव्हा गाऊसचा पुतळा दाखवून झाल्यावर ही गोष्टही सांगते. वेबर पुतळ्यात त्यांच्या शेजारीच आहेत. त्या दोघांपैकी नोकरी गमावली ती वेबर यांनी.

त्यानंतरची पन्नास वर्षं मी भराभर उरकते. गणितात रीमान इथलेच, डिरिक्ले आले, व्योलर यांनी रसायनशास्त्राची शाळा उभी केली. पुढे जर्मनीचा चान्सलर झालेला बिस्मार्क १८३२-३३ मध्ये इथे कायदा शिकला आणि अभ्यासापेक्षा दंगामस्तीत रमला. तटावरचं त्याचं गोल, इवलंसं घर अजून आहे. हाइनरिख हायने या कवीने १८२५ मध्ये इथेच कायद्याची पदवी घेतली आणि लगेच गावाची खिल्ली उडवली. गावाला आता त्याचाही अभिमान आहे.

मग फेलिक्स क्लाइन आले, १८८६ मध्ये. क्लाइन स्वतः मोठे गणिती, पण त्यांचं खरं काम माणसं जमवण्याचं. १८९५ मध्ये त्यांनी डेव्हिड हिल्बर्टना आणलं, १९०२ मध्ये मिंकोव्स्की आले, १९०४ मध्ये लुडविग प्रांट्ल. गणित, पदार्थविज्ञान आणि यंत्रविद्या यांच्यात भिंत नसावी हा क्लाइनचा हट्ट होता. गावात तेव्हा अचूक मोजमापाची उपकरणं बनवणारे कारागीर होतेच, कारण प्राध्यापकांना तराजू आणि सूक्ष्मदर्शक लागायचे. १८७० मध्ये सुरू झालेली झार्टोरियुस ही तराजूंची कार्यशाळा आज जगभर पसरलेली कंपनी आहे आणि अजून इथेच आहे. विद्यापीठाने गावाला धंदा दिला तो असा.

गणित संस्थेची इमारत १९२९ ची, अमेरिकेतल्या रॉकफेलर निधीतून बांधलेली. तिच्यात काचेच्या कपाटांत प्लास्टरची, तारांची, दोऱ्यांची शेकडो प्रतिरूपं ठेवली आहेत. एखादं समीकरण डोळ्यांना दिसावं म्हणून केलेले वाकलेले, पिळलेले पृष्ठभाग. पांढऱ्या प्लास्टरवर काळ्या बारीक रेघा, काही ठिकाणी कडा झिजलेल्या. कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी हातात घेऊन फिरवलेली ही समीकरणं आहेत. मुलीला सांगा, तिथे अर्धा तास उभी राहा.

गणिती एमी न्योटर १९१५ मध्ये आल्या. बाई म्हणून त्यांना अध्यापनाचा हक्क देईनात, तेव्हा त्यांची व्याख्यानं हिल्बर्टच्या नावाने जाहीर व्हायची आणि शिकवायच्या त्या. १९१८ मध्ये त्यांनी मांडलेला सिद्धांत, की निसर्गातल्या प्रत्येक अखंड सममितीमागे एक अक्षय राशी असते, तुमच्या मुलीला पहिल्या सत्रातच भेटेल. १९१९ मध्ये एकदाचा हक्क मिळाला, पण पगार पुढेही कैक वर्षं नाही. हे मी मुद्दाम सांगते. हेच गाव १७८७ मध्ये डोरोथेआ श्ल्योत्सर या सतरा वर्षांच्या मुलीला पीएच.डी. देऊन मोकळं झालं होतं. मोकळेपणा एकदा मिळाला की तो कायमचा राहतो असं या गावाच्या बाबतीत कधीच झालेलं नाही.

१९२१ मध्ये माक्स बॉर्न आणि जेम्स फ्रांक आले. पुढच्या बारा वर्षांत इथे क्वांटम यामिकी, म्हणजे अणूच्या आतल्या हालचालींचं गणित, कसं घडलं ते पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थिनीच्या घरी सांगायला नको. १९२५ च्या उन्हाळ्यात बॉर्नचे तरुण सहायक हायझेनबर्ग परागकणांच्या त्रासाने हेल्गोलांड बेटावर गेले, तिथे सुचलेलं घेऊन परत आले, आणि बॉर्ननी ओळखलं की ही गुणाकाराची विचित्र रीत म्हणजे मॅट्रिक्सचा, आकड्यांच्या चौकोनी तक्त्यांचा, गुणाकार आहे. पुढे अमेरिकेच्या अणुबॉम्बसाठी ओळखले गेलेले ओपेनहाइमर यांनी १९२७ मध्ये बॉर्नकडेच डॉक्टरेट केली. मारिया ग्योपर्ट, पुढे नोबेल मिळालेल्या मारिया ग्योपर्ट-मायर, या गावात लहानाच्या मोठ्या झाल्या आणि इथेच १९३० मध्ये डॉक्टर झाल्या. माणसं एकमेकांपासून चालत दहा मिनिटांवर राहायची. व्याख्यान संपलं की तटावरून किंवा हाइनबर्गच्या टेकडीवर फिरायला जायचं आणि तिथे वाद पुढे चालू. तुम्ही विचारलंत ना, एवढ्याशा गावात कसं झालं? माझ्या मते गाव एवढंसं होतं म्हणूनही झालं.

दुसरा कागद १९३३ चा. त्याबद्दल गावात बोलताना आजही माणसं सावकाश बोलतात. एप्रिलमध्ये नाझी सरकारने ज्यू नोकरदारांना काढण्याचा कायदा केला. फ्रांक पहिल्या महायुद्धात लढलेले, त्यांना कायद्यात सूट होती. ती सूट नाकारून त्यांनी १७ एप्रिलला जाहीरपणे राजीनामा दिला. त्यावर इथल्याच बेचाळीस अध्यापकांनी एक निवेदन काढलं. फ्रांकच्या पाठीशी उभं राहायला नव्हे. त्यांच्या राजीनाम्याने परदेशात देशाची बदनामी होते, सरकारने साफसफाई लवकर उरकावी, असा त्याचा सूर. त्याच आठवड्यात बॉर्न आणि कूरांट, न्योटर, बेर्नश्टाइन या गणितींना निलंबनाचे आदेश आले. १० मे रोजी आल्बानी चौकात पुस्तकांची होळी झाली. गाऊसची समाधी तिथून काही पावलांवर आहे.

त्या उन्हाळ्यात एमी न्योटर विद्यार्थ्यांना घरी बोलावून शिकवत राहिल्या. शरदात अमेरिकेला गेल्या आणि दीड वर्षात, १९३५ मध्ये, वारल्या. गणिती हेर्मान वाइलही देश सोडून गेले. गणिती लांडाऊंच्या वर्गावर विद्यार्थ्यांनीच बहिष्कार घातला. बॉर्न केंब्रिजला गेले, आणि १९३५-३६ च्या हिवाळ्यात रामन यांच्या बोलावण्यावरून काही महिने बंगळूरला येऊन राहिले. हिल्बर्टची एक गोष्ट इथे सगळे सांगतात. शिक्षणमंत्र्याने मेजवानीत विचारलं, ज्यूंच्या प्रभावातून सुटल्यावर गणित संस्थेचं कसं चाललंय? हिल्बर्ट म्हणाले, गणित संस्था? ती आता उरलीच नाही. १९४३ मध्ये ते गेले तेव्हा अंत्ययात्रेला जेमतेम दहा-बारा माणसं होती.

ग्योटिंगनवर बॉम्ब फार पडले नाहीत. जुनी लाकडी चौकटीची घरं, चर्चचे मनोरे बहुतेक तसेच राहिले. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, वा, गाव वाचलं. पण ओबेरे माश रस्त्यावरचं सिनेगॉग नोव्हेंबर १९३८ मध्ये शेजाऱ्यांच्या देखत जळालं. तिथे आज स्मारक आहे. पोलादी नळ्यांचा एक पिरॅमिड, डेव्हिडच्या ताऱ्यांच्या आकारात गुंफत वर गेलेला. मी नव्या मुलांना आधी तिथे नेते आणि मग गाऊसकडे.

या दिवसांतला एक मराठी माणूस मला सांगायलाच हवा, कारण तुम्ही गडहिंग्लजचे आहात असं लिहिलंत. विष्णू माधव घाटगे तुमच्याच भागातले, हसूरचंपूचे. १९३० च्या दशकात त्यांनी इथे प्रांट्लकडे वायुगतीशास्त्रात डॉक्टरेट केली. विमानाच्या पंखाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर काय करतो हे जगाला पहिल्यांदा समजावून सांगणारे ते प्रांट्ल. घाटगे परतले, बंगळूरला शिकवलं, आणि पुढे हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे प्रशिक्षणाचं विमान तयार झालं. भारतात आखलेलं आणि भारतात बांधलेलं ते विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. म्हणजे गडहिंग्लजहून ग्योटिंगनला विज्ञान शिकायला येणारी तुमची मुलगी पहिली नाही.

तिसरा कागद १९५७ चा. युद्धानंतर हा भाग ब्रिटिशांच्या ताब्यात होता. हान, हायझेनबर्ग, लाउए, वायत्सेकर हे शास्त्रज्ञ इंग्लंडमधल्या नजरकैदेतून सुटून इथे आले. थकलेले म्हातारे प्लांकही इथेच राहिले. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांच्या नावाची माक्स प्लांक सोसायटी ही विज्ञान-संशोधनाची संस्था याच गावात स्थापन झाली. मग पश्चिम जर्मनीच्या सैन्याला अण्वस्त्रं देण्याची भाषा सुरू झाली. चान्सलर आडेनाउअर म्हणाले, ही छोटी अण्वस्त्रं म्हणजे तोफखान्याचाच पुढचा टप्पा. १२ एप्रिल १९५७ रोजी अठरा शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की असं एक छोटं अस्त्रसुद्धा हिरोशिमाएवढं असतं, आणि अण्वस्त्रांच्या निर्मितीत, चाचणीत किंवा वापरात आमच्यापैकी कुणीही कसलाही भाग घेणार नाही. देशाला अखेर स्वतःची अण्वस्त्रं मिळाली नाहीत. या अठरांना 'ग्योटिंगनचे अठरा' म्हणतात, १८३७ च्या सातांची आठवण ठेवून. त्यात माक्स बॉर्नही होते. ज्या गावाने चोवीस वर्षांपूर्वी त्यांना घालवलं, त्या गावाच्या नावाखाली त्यांनी सही केली. तो कागद आठवला की मला आधी त्यांचंच नाव दिसतं.

आता उरलंय काय? खरं सांगते. १९३३ ला जे मोडलं ते तसं पुन्हा उभं राहिलं नाही. गणिताची आणि पदार्थविज्ञानाची राजधानी अमेरिकेला गेली ती गेलीच. जुन्या नावांच्या ओढीने येणाऱ्या मुलांना मी हे पहिल्या भेटीत सांगते, म्हणजे पुढे मन खट्टू होत नाही. पण गावातलं विज्ञान जिवंत आहे. माक्स प्लांकच्या संस्थांत काम करणाऱ्या मानफ्रेड आयगेनना १९६७ मध्ये, नेहर आणि झाकमान यांना १९९१ मध्ये, श्टेफान हेल यांना २०१४ मध्ये नोबेल मिळालं. पदार्थविज्ञानाचा विभाग आता गावाच्या उत्तरेला, टेकडीकडे आहे. बसने वीसेक मिनिटं. आधुनिक भारताच्या अभ्यासाचं केंद्रही इथे आहे, तिथे मराठी बोलणारं कुणी ना कुणी भेटतंच.

रोजचं जगणं. विद्यापीठाला शिकवणीचं शुल्क नाही, सहामाहीला काही शे युरो भरायचे, त्यात प्रादेशिक रेल्वेचा पास येतो. खरी अडचण खोलीची. सप्टेंबर-ऑक्टोबरात खोल्या मिळत नाहीत म्हणजे नाहीत. प्रवेश पक्का झाला त्या दिवशी विद्यार्थी वसतिगृहाला अर्ज टाका, उद्यावर ढकलू नका. मी पहिले पाच आठवडे एका ओळखीच्या कुटुंबाच्या माळ्यावर काढले आहेत. डिसेंबरात सव्वाचारला अंधार पडतो. आपल्याकडच्या मुलांना थंडीपेक्षा हा अंधार जड जातो. तेव्हा तिला आधीच सांगून ठेवा की दुपारी उजेड असेतो रोज बाहेर पडायचं. त्यासाठी तट आहे. जुन्या तटबंदीचा मातीचा बांध, त्यावर लिंडनची झाडं, तासाभरात गावाला प्रदक्षिणा होते. माझ्या संशोधनातल्या निम्म्या गाठी त्या बांधावर सुटल्या.

वर्गातली एक रीत. वेळापत्रकात दहा लिहिलेलं असलं आणि पुढे 'सी. टी.' अशी अक्षरं असली तर तास सव्वादहाला सुरू होतो. पूर्वी विद्यार्थी चर्चच्या घंटेवर घरून निघायचे, त्या पंधरा मिनिटांची ही सवलत. आणि व्याख्यान संपल्यावर टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. शंभर जणांनी एकदम केलं की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं वाटतं. माझ्या पहिल्या निबंधवाचनानंतर ती टकटक झाली तेव्हा काय चुकलं म्हणून मी गोंधळून उभी राहिले होते. शेजारच्या मैत्रिणीने सांगितलं, आवडलं त्यांना.

जुन्या नगरभवनासमोर कारंजावर हंस घेतलेल्या मुलीची काशाची मूर्ती आहे, गेन्झेलिझल, १९०१ ची. डॉक्टरेट झाली की मित्रमंडळी नव्या डॉक्टरला सजवलेल्या हातगाड्यात बसवून ओढत आणतात. डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी, तीवर त्याच्या विषयाची खेळणी चिकटवलेली. मग त्याने कारंजावर चढून मूर्तीचा मुका घ्यायचा आणि फुलं वाहायची. १९२६ मध्ये नगरपालिकेने यावर बंदी घातली, पण कुणी जुमानलं नाही. माझ्या टोपीवर मैत्रिणींनी पाणिनीच्या अष्टाध्यायीतली चौदा माहेश्वर सूत्रं देवनागरीत लिहिली होती. 'ऐऔच्' त्यांनी उलटं चिकटवलं होतं, मी तसंच राहू दिलं.

एक जागा मात्र मुलीने एकटीने पाहावी असं मला वाटतं. गावाच्या पश्चिमेला शहराची दफनभूमी आहे, जुन्या झाडांची, तळं असलेली. तिथे आठ नोबेल विजेते आहेत: प्लांक, लाउए, बॉर्न, हान, नेर्न्स्ट, वालाख, विंडाउस, झिग्मोंडी. हिल्बर्टही तिथेच. त्यांच्या दगडावर त्यांचंच वाक्य आहे, आपल्याला कळलंच पाहिजे, आपल्याला कळेलच. बॉर्न यांच्या दगडावर एक समीकरण कोरलंय: पी गुणिले क्यू वजा क्यू गुणिले पी, बरोबर एच भागिले दोन पाय आय. १९२५ च्या उन्हाळ्यात याच गावात पहिल्यांदा लिहिलेलं. अक्षरांत पावसाचं पाणी साठतं, शेवाळ धरतं आणि कुणीतरी ते काढून जातं.

मी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता गेन्झेलिझलपाशी उभी असते. मुलीला पाठवा. सायकल नको, चालायचंय. आणि तिला सांगा, अकरा म्हणजे अकरा. इथे सी. टी. नाही.